प्लग आईच्या हातात

रोज संध्याकाळी मुलगी जेवायला बसली की मी तिची बोटं मोजते. उघड नाही, वाढता वाढता. दहा भरली की मगच माझा घास खाली उतरतो. डाव्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याची खूण आहे, उजव्या तळहातावर भाजल्याचा डाग आहे. नवीन काही दिसलं तर मी विचारते आणि ती म्हणते, "अगं आई, ते सुरीनं. कांदा चिरताना." गेल्या आठ महिन्यांत या घरात तिने एकही कांदा चिरलेला नाही.

ती सव्वीस वर्षांची आहे. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ती विम्याच्या ऑफिसात होती. खुर्ची, टेबल, साडेपाचला सुटका. आता ती एक लोखंडी पेटी घेऊन लोकांच्या घरी जाते आणि त्यांची धुलाईची मशीनं, कपड्यांचे ड्रायर, ओव्हन दुरुस्त करते. एकटी जाते. परकं घर आणि परकी वीज. वीज तर ओळखीच्यालाही ओळख दाखवत नाही. ती पेटी घेऊन बाहेर पडली की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

या काळजीपायी मी सोमवारी एक खोटं बोलले. आज गुरुवार, म्हणजे आता शुक्रवारच लागला असेल, आणि ते अजून तसंच आहे. म्हणून हे लिहीत बसले आहे.

सोमवारी दुपारी घरचा फोन वाजला. मुलीने आपल्या कार्डावर घरचाच नंबर छापला आहे, कारण तिचे हात मशीनच्या पोटात असतात आणि मोबाइल पेटीच्या तळाशी. फोनवर वृद्धनिवासाच्या प्रमुखबाई होत्या. त्यांच्याकडे अकरा ड्रायर आहेत, रोज चादरींचे डोंगर. मागच्या महिन्यात माझ्या मुलीने त्यातला एक दुरुस्त करून दिला होता. बाई म्हणाल्या, "ती आम्हाला फार आवडली हो. अकराही मशीनं कायमची तिच्याकडे सोपवावीत असा विचार आहे. शुक्रवारी दुपारी बैठकीत ठरेल. तिचा होकार तेवढा हवा. मी रोज सकाळी सातपासून असते."

मी म्हणाले, "ती आता ही कामं करत नाही. परत ऑफिसात लागली."

इतक्या सहज निघालं तोंडातून की मलाच दचकायला झालं. अकरा मशीनं म्हणजे अकरा वेळा वीज, एवढंच माझ्या डोक्यात आलं होतं. बाईंना वाईट वाटलं, तरी त्यांनी नंबर दिला. मी तो घेतला. का घेतला, सांगता येणार नाही. मुलगी त्या फोनची तीन आठवडे वाट बघत होती, हे मला माहीत होतं. रोज घरात शिरताना चपला काढायच्या आधी तिचा प्रश्न असायचा, "फोन होता का कुणाचा?" सोमवारी मी नाही म्हणाले. मंगळवारीही म्हणाले. बुधवारी तिने विचारलंच नाही.

तिला घरात सगळे पक्कड म्हणतात. हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलं. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी तिने त्यांचं बोट धरलं ते अर्धा तास सोडलं नाही. वडील म्हणाले, "ही पोर नाही, पक्कड आहे." पुढे मोठी होऊन ती खरीच पक्कड हातात घेईल, असं काही त्यांना वाटलं नसणार. सहाव्या वर्षी तिने दाराची बेल उघडली. दोन दिवस आलेगेले दार वाजवत होते. तिसऱ्या दिवशी बेल वाजू लागली, पण आवाज बदलला होता. पूर्वी ती किंचाळायची, आता कुणीतरी अदबीने खाकरल्यासारखी वाजू लागली. हिचे बाबा म्हणाले, "बिघडवलीस ना बेल?" तर म्हणते कशी, "बिघडवली नाही बाबा. समजावली."

आम्ही हसलो. हसून सोडून दिलं, हेच चुकलं असेल. तिला कॉमर्सला घातलं, तिने तेही निमूटपणे पूर्ण केलं. ऑफिसात चार वर्षं काढली. पण शनिवार-रविवार ती एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या दुकानात जाऊन बसायची, हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. मला वाटायचं, कुणी मुलगा असेल. मुलगा असता तर बरं, असंही एकदा मनात आलं.

आजची गोष्ट सांगते.

आमचा ड्रायर परवापासून नुसताच फिरत होता. ढोल फिरतोय, दिवा लागतोय, आणि तासाभराने कपडे काढावेत तर टाकले तसे ओले, वर गार. हेच तीन आठवड्यांपूर्वीही झालं होतं. तेव्हा हिच्या बाबांनी व्हिडिओ बघून नवा फ्यूज आणला आणि बसवला. मशीन चालू झालं. त्या दिवशी ते घरात असे वावरत होते, की जणू धरण बांधून आलेत. लेकीला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते आमच्या घराला अगदी लागू आहे. अख्खं गाव जिला मशीन दाखवायला बोलावतं, तिच्या बापाने व्हिडिओ बघावा.

आता तोच फ्यूज पुन्हा गेला होता. बाबांनी तसाच दुसराही आणून ठेवला होता. ड्रायर बाथरूमच्या बाहेरच्या बोळात आहे. आज दुपारी मी ओल्या चादरी खुर्च्यांवर टाकत होते, आणि हे बोळात उकिडवे बसून मशीनशी बोलत होते. तेवढ्यात पक्कड कामावरून आली.

"काय चाललंय?"

"काही नाही," हे म्हणाले. "फ्यूज अगदीच भिकार निघाला. कंपनी लबाड आहे. आता मी म्हणतो, दरवेळी फ्यूज कशाला बदला? तिथे एक तार जोडून टाकली की कटकट कायमची संपली."

पक्कडने पेटी खाली ठेवली, चपला काढल्या, आणि बोळाच्या जमिनीवर मांडी घालून बसली.

"बाबा, दरवेळी म्हणजे किती वेळा?"

"दोनदा," मीच सांगितलं. ताकीद गेली खड्ड्यात.

मला वाटलं, आता ही पेटी उघडेल. तिने उघडली नाही. ती प्रश्न विचारत बसली. गार पडण्याआधी कपडे वाळायला जास्त वेळ लागत होता का? मी म्हणाले, हो, एकाऐवजी दोन फेऱ्या लागत होत्या. मशीन वरून जास्त तापायचं का? हो, वर टॉवेल ठेवला तर गरम व्हायचा, मला तर ते आवडायचं. बोळात दमट वाटायचं का? हो, आरशावर वाफ धरायची. साधारण कधीपासून? मी आठवलं. दोन-अडीच महिने. तेव्हा घरात काय बदललं? काही नाही, मी म्हणाले. मी म्हणाले खरं, पण ती डोळे बारीक करून भिंतीकडे बघत होती.

मी आयुष्यात पुष्कळ डॉक्टर पाहिले. इतकं नीट विचारणारा एकच आठवतो.

मग ती उठली, मशीन भिंतीपासून थोडं ओढलं आणि प्लग काढला. प्लग काढून तो तिने माझ्या हातात दिला. "हा धर. या स्टुलावर बस. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

"मी कशाला?"

"घरात ज्याला सगळ्यात जास्त भीती वाटते, प्लग त्याच्या हातात द्यायचा. हा माझा नियम आहे."

हा नियम कुठून आला तेही तिने स्क्रू काढता काढता सांगितलं. पहिल्याच महिन्यात एका आजींकडे काम होतं. त्या एकट्या राहतात. प्रत्येक स्क्रूला त्यांचं चालू, अगं करंट बसेल, अगं सांभाळ, अगं तुझ्या आईला काय सांगू. शेवटी हिने प्लग काढून आजींच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाली, "आजी, हे तुमच्याकडे आहे तोवर मला काही होणार नाही." आजी तासभर बाळ घेतल्यासारख्या बसल्या. पुन्हा एक शब्द नाही. तेव्हापासून प्रत्येक घरात ती तेच करते. कुणी नवरा धरून बसतो, कुणी सासू, एकदा एक वकील बसले होते.

आठ महिने मी ज्या विजेला घाबरत होते ती माझ्या मुठीत होती. तीन पितळी दांड्यांचं एक टोक, बस. आठ महिन्यांत पहिल्यांदाच मी तिच्या बोटांकडे नीट बघितलं. मोजायला नाही, नुसतं बघितलं.

अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात ती स्क्रू ठेवत होती, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, प्रत्येकाला एक खळगा. मागचा पत्रा तिने आवाज न करता उतरवला. आत बोट न घालता आधी टॉर्च मारून खूप वेळ नुसतं बघितलं. मग मीटर काढलं, त्याची लाल आणि काळी अशी दोन टोकं. "बीप वाजलं म्हणजे रस्ता सलग आहे. नाही वाजलं म्हणजे तुटलाय." गरम करणाऱ्या कॉइलच्या दोन टोकांना तिने ती लावली. बीप. "कॉइल ठणठणीत." मग एक टोक कॉइलला आणि एक मशीनच्या पत्र्याला. बीप नाही. मला वाटलं, गेलं. ती म्हणाली, "इथे नाही वाजलं तेच बरं. वाजलं असतं तर अख्ख्या पत्र्यात वीज उतरली असती." मग फ्यूज. शांतता. ही शांतता वाईट होती. तीच शांतता एका जागी चांगली आणि दुसऱ्या जागी वाईट, आणि ते तिला ऐकल्या ऐकल्या कळत होतं.

"म्हणजे माझंच बरोबर," हे म्हणाले. "फ्यूज भिकार."

"बाबा, इकडे या. वाका."

तिने टॉर्च आत धरला. कॉइलच्या डब्याच्या कडेला करडा कापूस साठला होता. कपड्यांतून सुटलेल्या तंतूंना आमच्या घरात करडा कापूस म्हणतात, जाळीवरून रोज मूठभर निघतो. पण हा करडा नव्हता. कडेने तो तपकिरी झाला होता, आणि एका जागी काळा.

हे वाकलेले तसेच राहिले.

"हा जळायला लागला होता," ती म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही. "आत फार तापलं म्हणून फ्यूजनं जीव दिला आणि वीज तोडली. दोनदा दिला. आणि तुम्ही दोनदा त्यालाच नावं ठेवलीत. तार जोडली असतीत तर तिसऱ्यांदा तोडायला कुणी नसतं."

बोळाच्या पलीकडे दोन पावलांवर आमची झोपायची खोली आहे. रात्री ड्रायर लावून आम्ही झोपतो. मी शहरभर तिच्या मागे काळजी करत हिंडत होते, आणि आग माझ्या उशाशी बसून होती.

"पण मग इतकं तापलं का?" बाबांनी विचारलं. आता ते विद्यार्थ्यासारखे खाली बसले होते.

"ड्रायर कपडे उष्णतेनं वाळवत नाही, बाबा. वाऱ्यानं वाळवतो. गरम वारा आत येतो, ओल उचलतो आणि बाहेर जातो. बाहेर जायला वाट नसेल तर तोच वारा आत तापत राहतो. वाट कुठे अडलीय ते शोधायचं."

पहिली अडचण माझी निघाली. तिने जाळी घेतली. स्वच्छ होती, मी रोज पुसते, त्याबद्दल मला अभिमानही आहे. ती जाळी तिने नळाखाली आडवी धरली. पाणी जाळीवर साचलं. थेंब खाली पडेना. जाळीतून पाणी जाईना, हे दृश्य मी कधी विसरणार नाही. कपड्यांना वास यावा म्हणून मी वर्षानुवर्षं ते सुवासिक कागद ड्रायरमध्ये टाकते, त्यांचा मेणचट थर डोळ्यांना न दिसता जाळीवर बसला होता. गरम पाणी, साबण, जुना दात घासायचा ब्रश. पाच मिनिटांनी पाणी सरळ खाली पडलं.

दुसरी अडचण मशीनच्या मागे होती. वारा बाहेर नेणारा पाइप चेपून चपटा झाला होता, कारण कपाटाला जागा हवी म्हणून आम्ही दोघांनी मशीन भिंतीला रेटलं होतं. तिने पाइप काढून आतला कापूस झाडला, नवा पाइप आखूड कापून लावला.

"झालं?" मी विचारलं. प्लग अजून हातात होता.

"नाही. हे दोन्ही जुने रोग आहेत. दोन-अडीच महिन्यांपूर्वी काय झालं ते अजून मिळालं नाही." आणि ती अंगणात गेली. प्लगमुळे मला उठता येईना, म्हणून पुढचं मी खिडकीतून ऐकलं. मग तिचा आवाज आला, अगदी मऊ.

"बाबा, बाहेरची भिंत कधी रंगवली?"

"झाले की दोन-अडीच महिने. का गं? बघ, एक थेंब सांडलेला नाही."

हिच्या बाबांनी आयुष्यभर नकाशे काढले. रेघ म्हणजे रेघ. भिंतीवर वारा बाहेर टाकणारी एक छोटी झडप आहे, आतून वारा आला की उघडणारी, एरवी मिटलेली. ती रंगाशिवाय राहिली तर भिंत अर्धवट दिसेल, म्हणून यांनी तीही रंगवली होती. दोन हात. कडा इतक्या सुबक भरल्या होत्या की झडप आणि भिंत एकजीव झाली होती. झडप उघडेचना. आणि आत आम्ही फ्यूज बदलत होतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझे वडील म्हणायचे. ते ऐकून माहीत होतं, आज डोळ्यांनी बघितलं.

"सुंदर रंगवलंय बाबा," ती म्हणत होती. "इतकं चांगलं काम कुणी करत नाही. म्हणूनच बाकी कुणाचे फ्यूज जात नाहीत."

यांना हसू आवरेना, आणि लाजही. तिने पातळ सुरीने रंगाची कड चारी बाजूंनी कापली. झडप सुटली तेव्हा टक् असा आवाज आला तो मला बोळात ऐकू आला.

परत येऊन तिने आतला सगळा कापूस ओढून काढला, जळका तुकडा बाजूला कागदावर ठेवला. यांनी आणलेल्या फ्यूजवरचा आकडा जुन्याशी ताडून पाहिला, तो बसवला, मीटर लावलं. बीप. पत्रा, स्क्रू, अंड्यांचं खोकं मागून पुढे रिकामं होत गेलं. शेवटचा स्क्रू पहिल्या खळग्यातून उचलला आणि मग माझ्याकडे हात पुढे केला. मी प्लग दिला. द्यायला जरा जड गेलं.

मशीन चालू झालं. "बाबा, तुम्ही बाहेर जा. झडपेसमोर हात धरा."

यांची हाक आली नाही म्हणून मीच बाहेर गेले. हे भिंतीसमोर उभे होते, दोन्ही तळहात पुढे करून, शेकोटीपाशी उभे राहावं तसे. मीही हात धरला. बाहेर गारठा होता. आणि आमच्या भिंतीतून ऊबदार, ओलसर वारा येत होता, साबणाचा किंचित वास असलेला, न थांबता, श्वासासारखा. झडप त्याच्यावर थरथरत होती. सव्वीस वर्षांपूर्वी हिचा पहिला श्वास बघताना आम्ही असेच गप्प होतो.

चाळीस मिनिटांत चादरी वाळल्या.

ती बेसिनपाशी हात धुत होती, मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते. टॉवेल गरम होता. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "आई, त्या वृद्धनिवासातून शेवटी फोन आला नाही."

मी टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

"त्या बाई फोन करते म्हणाल्या होत्या. त्यांच्याकडे अकरा मशीनं आहेत गं, आणि सगळ्यांचे पाइप असेच. मी एकच दुरुस्त केलं, बाकीची बघवत नव्हती. वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत." तिने नळ बंद केला. "त्यांना दुसरं कुणी चांगलं मिळालं असेल तर ठीकच. पण एकेक मशीन करून किती दिवस निभणार. ऑफिसातली माझी जागा अजून रिकामी आहे म्हणतात. उद्या फोन करून बघते."

आठ महिने मी याच वाक्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते. ते आलं, आणि मला गरम टॉवेल हातात धरवेना.

"ऑफिसात?" मी म्हणाले.

"तू तरी बोटं मोजायची थांबशील," ती म्हणाली आणि हसली. तिला माहीत होतं. आठ महिने माहीत होतं, आणि रोज जेवताना ती दोन्ही हात ताटाच्या वर, मला दिसतील असे ठेवत होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती दमून झोपायला गेली, हेही झोपले. मी कागद घेऊन बसले. काळजी गेली का? नाही. उद्या ती बाहेर पडेल तेव्हा पुन्हा माझा जीव टांगणीला लागेल, तो माझा रोग आहे, त्याला फ्यूज नाही. पण त्या बोळात मी जे बघितलं ते माझ्या काळजीपेक्षा मोठं होतं. मी एका माणसाला काळ्या पडलेल्या कापसावरून मागे मागे जात, एकाही प्रश्नाचं उत्तर न गाळता, रंगाच्या एका कडेपर्यंत पोचताना बघितलं. ते माणूस माझ्या पोटचं आहे, याचा माझ्याशी फारसा संबंध नाही असं वाटलं. आणि त्या वरच्या मजल्यावरच्या माणसांच्या उशाशी अकरा मशीनं आहेत, आणि त्यांचं काय ते बैठकीत ठरायचं आहे.

बाईंनी सांगितलं होतं, सकाळी सातपासून असते. पावणेसातला मी पक्कडला उठवणार आहे. तिला समोर बसवून सोमवारचं सगळं सांगेन. तिला राग येईल, येऊ दे. मग ती समोर असतानाच नंबर फिरवीन आणि बाईंना म्हणेन, मी तिची आई बोलतेय, मी तुमच्याशी खोटं बोलले होते, ती हेच काम करते, आणि आता तिच्याशीच बोला.